दोन ताऱ्यांची शेवटची सात वर्षं

ऑगस्ट 2001. तुम्ही चिलीत, लास काम्पानासच्या डोंगरधारेवर उभे आहात. उंची जवळजवळ 2,400 मीटर. हवा इतकी कोरडी की घसा खरवडतो, आणि थंडी कडाक्याची, कारण दक्षिण गोलार्धात हे हिवाळ्याचे दिवस. मान वर करा. महाराष्ट्रातून पाहताना वृश्चिक रास दक्षिण क्षितिजाच्या अंगाने सरकत जाते. इथे विंचू थेट डोक्यावर आहे. आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा त्याच्या नांगीच्या शेजारून जातो. धनू राशीतल्या बाणाच्या टोकाचा तारा शोधा आणि त्याच्या पश्चिमेला दोन अंशांच्या आत पाहा. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही. तुम्ही ज्यासाठी आला आहात तो तारा हजारो पटींनी अंधूक आहे.

जवळच्या घुमटात वॉर्सा विद्यापीठाची 1.3 मीटर व्यासाची दुर्बीण आहे. नियंत्रण कक्षात रात्रपाळीचा निरीक्षक पडद्यासमोर बसला आहे आणि पडद्यावर ताऱ्यांची एवढी गर्दी आहे की काळ्या आकाशाला जागाच उरलेली नाही. या मोहिमेचं नाव ऑगल. लक्षावधी ताऱ्यांवर रोज नजर ठेवली तर मधून जाणाऱ्या अदृश्य वस्तूच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या एखाद्या ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढलेला सापडेल, असं बोहदान पाचिन्स्की यांनी 1986मध्ये मांडलं होतं. तो प्रकाश पकडण्यासाठी आन्जेय उदाल्स्की यांच्या नेतृत्वाखाली हा पहारा चालू आहे. दुर्बीण एका चौकटीचा फोटो घेते, संगणक प्रत्येक ठिपक्याची तेजस्विता मोजून साठवतो, दुर्बीण पुढच्या चौकटीकडे वळते. तुमच्या ताऱ्याकडे कुणी वेगळं लक्ष देत नाही. तसं कारणही कुणाला माहीत नाही.

तुम्हाला माहीत आहे. या ठिपक्याला पुढे व्ही 1309 स्कॉर्पी हे नाव मिळेल. तो एक तारा नाही, दोन आहेत, आणि त्यांच्यात अंतर उरलेलं नाही. दोघांचे बाहेरचे थर एक झाले आहेत आणि एकाच आवरणात दोन गाभे फिरत आहेत, भुईमुगाच्या शेंगेत दोन दाणे असावेत तसे, फक्त एक दाणा चांगलाच मोठा आणि दुसरा बारका. एक फेरी सुमारे 1.4 दिवसांत पुरी होते. फिरताना या लांबट आकाराची रुंद बाजू दर फेरीत दोनदा आपल्याकडे येते, म्हणून प्रकाशाच्या आलेखावर दर फेरीला दोन उंचवटे उमटतात.

आता रात्री भराभर उलटा. आकाशगंगेचा हा भाग सूर्याच्या आड जातो तेव्हा दर वर्षी काही महिन्यांचा खंड पडतो, मग नोंदी पुन्हा सुरू होतात. 2002, 2003, 2004. एका रात्रीवरून काही कळत नाही. शंभर रात्री एकापुढे एक लावल्या की कळतं: फेरी लहान होते आहे. 2007पर्यंत ती सुमारे 1.2 टक्क्यांनी घटली, म्हणजे दोन्ही तारे आपली प्रदक्षिणा जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी उरकू लागले. ही घट एका चालीची नाही. दर वर्षीची घट आदल्या वर्षीपेक्षा मोठी आहे.

असं का व्हावं, याचं एक उत्तर चार्ल्स डार्विनचे पुत्र जॉर्ज डार्विन यांच्या 1879च्या भरती-ओहोटीच्या गणितात सापडतं. एकमेकांच्या इतक्या जवळ असलेल्या ताऱ्यांवर परस्परांच्या ओढीने भरती येते आणि ही भरती त्यांची स्वतःभोवतीची फिरकी परिक्रमेच्या तालावर आणू पाहते. कक्षा थोडी आकसली की परिक्रमा जलद होते. मग फिरकीही जलद करावी लागते. त्यासाठी लागणारा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, कक्षेतूनच काढावा लागतो, म्हणून कक्षा आणखी आकसते. बराच काळ हा व्यवहार निभतो. पण एक तारा दुसऱ्याच्या मानाने फारच हलका असेल, तर एका टप्प्यानंतर कक्षेत द्यायला पुरेसं काही उरत नाही आणि आकसणं थांबवणारं काहीच राहत नाही.

2007मध्ये आलेख पाहा. दोन उंचवट्यांपैकी एक वर्षावर्षाने खचत गेला होता; आता तो पुसला गेला आहे आणि दर फेरीला एकच लाट उरली आहे. त्याच वर्षात तारा अंधूक होत जातो, जवळजवळ एका प्रतीने (प्रत हे तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक). जोडीच्या बाहेरच्या कडेवरून वायू निसटू लागला आहे, तो मळसूत्री पट्ट्यांनी कक्षेच्या पातळीत पसरतो आहे आणि आपल्या दिशेचा प्रकाश अडवतो आहे. निसटणारा हा वायू जाताना कोनीय संवेगही घेऊन जातो, त्यामुळे आतल्या दोघांचं जवळ येणं आणखी वेगाने होतं. स्फोटाच्या आधी तारा मंदावतो, हे मला या साऱ्या हकीकतीतलं सगळ्यात विलक्षण पान वाटतं. 2007मध्ये कुणी या ठिपक्याकडे मुद्दाम पाहिलं असतं, तर त्याला एक विझत चाललेला तारा दिसला असता.

मार्च 2008पासून प्रकाश पुन्हा चढू लागतो, आधी हळू. आता फेरी मोजताच येत नाही, कारण लाट उरलेलीच नाही. बारका गाभा मोठ्या ताऱ्याच्या आवरणात उतरला आहे. ऑगस्टच्या अखेरीला, दहा दिवसांहून कमी काळात, तारा सुमारे तीनशे पटींनी उजळतो. मार्चच्या आधीपासून हिशेब केला तर वाढ हजारो पटींची.

2 सप्टेंबर 2008ला जपानमधल्या कोइची निशियामा, फुजिओ काबाशिमा आणि युकिओ साकुराई यांना, तसंच चीनमधल्या निरीक्षकांना वृश्चिकेत हा नवा ठिपका दिसतो. प्रत साधारण साडेनऊ, म्हणजे छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यातली. सगळ्यांना वाटतं, ही नेहमीची नवतारा घटना असणार: श्वेत बटूवर साचलेला हायड्रोजन पेटला असेल. पण नेहमीचा नवतारा मंदावत जातो तसतसा आतला तप्त भाग उघडा पडून वर्णपट अधिकाधिक उष्ण दिसू लागतो. इथे उलटं घडतं. काही आठवड्यांत वर्णपट पिवळसर ताऱ्याचा, मग नारिंगी, मग लाल राक्षसी ताऱ्याचा होतो. बाहेर फेकलेलं आवरण फुगतं, थंड होतं, त्यातला हायड्रोजन पुन्हा उदासीन होताना ऊर्जा सोडतो आणि तारा काही काळ उजळ राहतो. पुढे त्यात धूळ धरते आणि तो लालीत बुडतो.

मग कुणीतरी जुनं दप्तर उघडतं. पोलंडमधल्या टोरुनचे खगोलशास्त्रज्ञ रोमुआल्ड टिलेंडा आणि त्यांचे सहकारी ऑगलच्या साठ्यात नेमकी तीच जागा काढतात. 2001पासूनची सुमारे दोन हजार मोजमापं तिथे पडून आहेत, आणि त्यांत तुम्ही आत्ताच उलटलेलं सगळं आहे: आकसणारी फेरी, खचणारा उंचवटा, स्फोटाआधीची मंदी. 2011मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध होतो. दोन तारे एकमेकांत विलीन होताना आधीपासून शेवटपर्यंत नोंदले गेले, असं हे पहिलंच उदाहरण. ते नोंदणाऱ्यांनी दुसऱ्याच कशासाठी तरी नोंदलं होतं. विज्ञानात शोधाचं श्रेय मिळतं ते अर्थ लावणाऱ्याला, आणि ते योग्यच आहे; पण त्या कोरड्या धारेवर रात्रीमागून रात्री चौकटी मोजत बसलेल्या माणसांशिवाय इथे अर्थ लावायला काही नव्हतंच.

एक छोटं वळण घ्या. ऑगल त्या जोडीची फेरी मोजत होतं त्याच काळात, 6 जानेवारी 2002ला, ऑस्ट्रेलियातले निकोलस ब्राऊन शृंगाश्व तारकासमूहात एक नवा तारा नोंदवतात: व्ही 838 मोनोसेरॉटिस. फेब्रुवारीत तो आणखी भडकतो आणि मग, पुढे व्ही 1309 होणार होता तसाच, थंड, लाल होतो. त्याच्याभोवतीच्या जुन्या धुळीवरून स्फोटाचा प्रकाश परावर्तित होत पुढे सरकत गेला आणि हबल दुर्बिणीने महिन्यामहिन्यांनी टिपलेलं ते प्रकाशाचं पडसादचित्र जगभर पोचलं. ते चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. माउंट अबूजवळच्या गुरुशिखरावर, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या 1.2 मीटर अवरक्त दुर्बिणीतून दिपांकर बॅनर्जी आणि एन. एम. अशोक यांनी याच ताऱ्याच्या वर्णपटात पाण्याच्या वाफेच्या रेषा ओळखल्या, हे मात्र आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं. ज्या ताऱ्याने काही आठवडे लाखो सूर्यांइतका प्रकाश दिला, त्याच्याभोवती आता पाण्याचे रेणू टिकून राहतील इतका गारवा होता.

आता परत टोरुनला, 2011मध्ये. कोपर्निकसचं हे जन्मगाव व्हिस्टुला नदीच्या काठी आहे. प्रवाहाबरोबर उत्तरेला चला, नदी बाल्टिक समुद्राला मिळते तिथवर, आणि वाटेत 341 वर्षं मागे जा.

25 जुलै 1670, डान्त्सिग. आजचं ग्दान्स्क. तुम्ही एका श्रीमंत बिअर-व्यावसायिकाच्या घराच्या छपरावर आहात. लागून असलेल्या तीन घरांच्या माथ्यावर लाकडी फळ्यांचा प्रशस्त मंच बांधला आहे आणि त्यावर पितळेची यंत्रं उभी आहेत. खाली गल्ल्या, पलीकडे बंदर, हवेत दमटपणा. रात्र पुरती काळी होत नाही. इतक्या उत्तरेला जुलैत मध्यरात्रीही उत्तर क्षितिजावर उजेडाची पट्टी राहते. हंस तारकासमूह दक्षिणेला उंच चढला आहे.

घराचे मालक, एकोणसाठ वर्षांचे खगोलनिरीक्षक योहान हेवेलियस आणि तेवीस वर्षांची त्यांची पत्नी एलिझाबेथ मोठ्या षष्ठांश यंत्रापाशी आहेत. हे एकट्याने चालवण्याचं यंत्र नाही. एकाने पक्की दिशा एका ओळखीच्या ताऱ्यावर धरून ठेवायची, दुसऱ्याने सरकता दर्शक मोजायच्या ताऱ्यावर आणायचा, दोघांनी एकाच क्षणी होकार दिला की कोन वाचायचा. भिंगं नाहीत, काच नाही, फक्त फटी आणि डोळे. हेवेलियसकडे लांबच लांब दुर्बिणी आहेत, पण स्थान मोजण्यासाठी ते दुर्बीण वापरत नाहीत, आणि यावरून पुढे त्यांच्यावर बरीच टीका होईल. 1679मध्ये एडमंड हॅली इथे येऊन या नुसत्या डोळ्यांच्या मोजमापांची अचूकता पडताळून पाहील आणि थक्क होऊन जाईल.

आज रात्री हंसाच्या डोक्याखाली एक तारा जास्तीचा आहे. तिसऱ्या प्रतीचा, शहरातूनही सहज दिसावा असा. दिजाँमधले एक कार्थुसियन साधू, व्हॉयतुरे आंतेल्म, यांनी तो 20 जूनलाच पाहिला आहे. पण इथे ती बातमी नाही आणि हेवेलियस तो स्वतःच शोधत आहेत. त्यांची पहिली प्रतिक्रिया पाहण्यासारखी आहे. ते लगेच तर्क करायला बसत नाहीत. एलिझाबेथला दर्शक धरायला सांगतात. ओळखीच्या एका ताऱ्यापासून कोन, मग दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून. आकडे, शाई, पुढचा तारा.

हे दोन ताऱ्यांचं मीलन असावं, हे तुम्हाला त्यांना सांगावंसं वाटेल. सांगू नका, कारण ते ऐकून घ्यायला लागणारं काहीच अजून जगात नाही. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ यायला सतरा वर्षं आहेत. तारे खरोखरच एकमेकांभोवती फिरतात, हे विल्यम हर्शेल दाखवतील त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं. वर्णपटाचा विचार तर त्याहून पुढचा.

तरी हेवेलियसना एक गोष्ट पक्की माहीत आहे: विझलेला तारा परत येऊ शकतो. तिमिंगलातला एक तारा वारंवार दिसेनासा होऊन परत येतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्याला मीरा हे नाव त्यांनीच दिलं. म्हणून शरदात हा नवा तारा डोळ्यांआड जातो तेव्हा ते वही बंद करत नाहीत. मार्च 1671मध्ये तो परततो, आंतेल्मना आधी दिसतो, आणि यंदा तो गेल्या वर्षीपेक्षाही तेजस्वी होतो. पॅरिसहून खगोलशास्त्रज्ञ कासिनीही त्याच्यावर लक्ष ठेवतात. ऑगस्टअखेर तो पुन्हा नाहीसा. मार्च 1672मध्ये आणखी एकदा, जेमतेम डोळ्यांना जाणवेल एवढा. मेच्या शेवटी तोही जातो, आणि नंतर कुणालाही डोळ्यांनी दिसत नाही.

हा तारा आता ज्या तारकासमूहात मोडतो तो जंबुक 1670मध्ये अस्तित्वातच नव्हता. तो हेवेलियस यांनी पुढे आखला, आणि 1687मध्ये ते वारल्यावर एलिझाबेथने त्यांचं अपुरं काम छापून घेतलं तेव्हा जगासमोर आला. त्याआधी, 1679च्या सप्टेंबरात, आगीत हे छप्पर, हा मंच, ही पितळी यंत्रं जळून गेली. पण हेवेलियसची पत्रं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली होती. ताऱ्याची जागा सुरक्षित होती.

त्या जागेवर मायकेल शारा आणि अँथनी मॉफट यांना 1982मध्ये अंधूक तेजोमेघाचे तुकडे सापडतात. 2015मध्ये तोमाश कामिन्स्की, टिलेंडा आणि सहकारी चिलीतल्या 5,100 मीटर उंचीवरच्या अपेक्स रेडिओ दुर्बिणीने तिथे रेणूंनी भरलेला थंड वायू पाहतात. त्यातल्या समस्थानिकांची प्रमाणं साध्या नवताऱ्याच्या स्फोटातून निघूच शकत नाहीत. 1670 साली हंसाच्या डोक्याखाली दोन तारे एकमेकांत मिसळले होते, असा त्याचा अर्थ ते लावतात. 2018मध्ये त्याच वायूत किरणोत्सारी ॲल्युमिनियम-26 असलेला रेणू सापडतो. हे समस्थानिक ताऱ्याच्या पोटात बनतं, आणि तिथून ते उघड्यावर आलं आहे. कोणते दोन तारे, यावर मात्र वाद आहे. एका गटाने श्वेत बटू आणि तपकिरी बटू यांची टक्कर सुचवली. मग 2020मध्ये, गुरुशिखरावरून व्ही 838 पाहणारे तेच दिपांकर बॅनर्जी आणि सहकारी हवाईतल्या जेमिनाय दुर्बिणीतून तेजोमेघाच्या टोकांचा वेग मोजतात: सेकंदाला सुमारे 2,000 किलोमीटर. या वेगावरून अंतर काढलं तर ते आधी मानलं जात होतं त्याच्या पाचपट निघतं, सुमारे 10,000 प्रकाशवर्षं. पाचपट दूर म्हणजे मुळातला प्रकाश पंचवीसपट. मग आधीचं प्रत्येक स्पष्टीकरण तोकडं पडतं. 2020मध्ये हा प्रश्न इथवर येऊन थांबला होता.

शेवटचा टप्पा तुमच्या अगदी जवळच्या काळातला. मार्च 2022, पहाटे चार, शहरापासून दूर, सह्याद्रीतलं एखादं पठार. हंस ईशान्येला चांगला वर आला आहे. 2017मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या कॅल्व्हिन कॉलेजचे लॅरी मोल्नार यांनी भाकीत केलं होतं की हंसातली केआयसी 9832227 ही एकजीव जोडी याच सुमारास विलीन होईल आणि ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी लाल तारा नुसत्या डोळ्यांना दिसेल. तिची अकरा तासांची फेरी व्ही 1309सारखीच वाढत्या वेगाने घटताना दिसत होती. इतिहासात प्रथमच, आधी तारीख ठरवून ताऱ्यांचं मीलन पाहायला मिळणार होतं.

तुम्ही शोधता. हंसात नेहमीचेच तारे आहेत.

हे घडणार नाही, हे सप्टेंबर 2018मध्येच कळून चुकलं होतं. सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाचे क्वेंटिन सोशिया आणि सहकाऱ्यांनी नासाच्या व्हल्कन प्रकल्पाच्या 2003मधल्या, तोवर न वापरलेल्या नोंदी काढल्या आणि ग्रहणांच्या वेळा भाकिताशी जुळेनात. माग काढत गेल्यावर चूक एका जुन्या निबंधात सापडली: 1999च्या निरीक्षणांवरून दिलेली ग्रहणाची एक वेळ छापताना बारा तासांनी चुकली होती. फेरी अकरा तासांची, म्हणून बारा तासांचा घोळ फक्त तासाभराच्या सरकण्यासारखा दिसला, आणि त्या तासाभराने सगळा आलेख वाकवला. मोल्नार यांच्या गटाने ही दुरुस्ती तिथल्या तिथे मान्य केली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो: त्यांनी तारीख जाहीर केली होती, त्यामुळेच कुणीतरी ती तपासायला गेलं. त्यांची पद्धत बाद झालेली नाही. घटणारी फेरी हीच अशा मीलनाची खूण आहे, हे व्ही 1309ने दाखवून दिलं आहेच. फक्त ही जोडी ती नव्हे.

केआयसी 9832227 अजून फिरते आहे. तिची प्रत बाराच्या थोडी पुढे आहे, म्हणजे आठ इंची दुर्बीण आणि साधा खगोल-कॅमेरा असलेल्या हौशी निरीक्षकालाही ती पकडता येते. दर साडेपाच तासांनी एक तारा दुसऱ्याच्या आड जातो. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की हंस संध्याकाळी डोक्याजवळ असतो. अंधार पडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत कॅमेरा लावून ठेवला, संगणकाचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवलं, तर बहुतेक रात्री एका ग्रहणाची वेळ हाती लागते.